कुर्डी बुडाल्यानंतर वसलेल्या गावांचाही इतिहास लिहावा : गोवा शासनास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, जलस्रोत खाते,
मा. संचालक, पुराभिलेख खाते,
गोवा शासन.

विषय : साळावली धरणामुळे विस्थापित झालेल्यांसाठी वसविलेल्या वाडे व वालकिणी या नियोजित गावांची कागदपत्रे एकत्र करून त्यांचा इतिहास सिद्ध करण्याबाबत.

महोदय,

साळावली धरण सुमारे ४२ मीटर उंच आणि एक किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि त्याच्या जलाशयात सुमारे २३ कोटी घनमीटर पाणी मावते, ही माहिती आपल्याकडे शाळकरी मुलेही सांगतात. बदकाच्या चोचीसारख्या आकाराचा तो सांडवा पाहण्यासाठी पावसाळ्यात सहली येतात, शेळपे येथे शुद्ध केलेले पाणी दक्षिण गोव्याच्या घरोघरी पोचते, आणि मे महिन्यात जलाशय ओसरून कुर्डी गावाचे अवशेष वर आले की त्यांची छायाचित्रे देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकतात. मात्र कुर्डी सोडून निघालेल्या माणसांसाठी शासनाने स्वतः जागा निवडून, मोजणी करून, भूखंड पाडून जी गावे उभी केली, त्या वाडे आणि वालकिणीविषयी एखादा परिच्छेदही सहसा वाचायला मिळत नाही. या वसाहती होऊन आता चार दशके लोटली. तेथे जन्मलेल्यांची मुले शाळेत जाऊ लागली आहेत. या गावांचा इतिहास साधार लिहिला जावा आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे आपल्या दोन्ही खात्यांनी एकत्र आणून खुली करावीत, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी उमेदीची वर्षे मोजणीच्या आणि नकाशे काढण्याच्या कामात गेली. त्यामुळे गावाचा आराखडा कसा तयार होतो आणि पुढे त्याचे काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. त्या काळी मूळ आराखडा ट्रेसिंग कापडावर शाईने काढला जाई आणि त्यावरून अमोनियाच्या वाफेवर उमटणाऱ्या प्रती निघत. एक प्रत अभियंत्याकडे, एक मामलेदार कचेरीत, तर एक प्रत्यक्ष जागेवर खुंट्या मारणाऱ्यांच्या हातात असे. जागेवरची प्रत सर्वांत आधी फाटते. पण इतिहासाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची असते, कारण भूखंडाची हद्द कोठे सरकली, नियोजित रस्ता ओहळामुळे कोठे वळवावा लागला, शाळेसाठी राखलेली जागा ऐनवेळी कोणी बदलली, याच्या पेन्सिलीच्या खुणा तिच्यावरच असतात. अशी प्रत उजेडात राहिली की काही वर्षांत फिकट होत जाते आणि अखेरीस तपकिरी कागदाखेरीज हाती काही उरत नाही. घाई करायला हवी, असे मी म्हणतो त्याचे एक कारण हे आहे.

जुन्या कुर्डीविषयी लोकांना बरेच ठाऊक आहे. सोमेश्वराचे देवस्थान असलेल्या या गावात हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान अशी तिन्ही धर्मांची वस्ती होती. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे नाव या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले आणि या धरणाने साऱ्या दक्षिण गोव्याचे कल्याण होईल, असे त्यांनी समजावून सांगितले, ही आठवण जुनी माणसे आजही सांगतात. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी कुटुंबे हलू लागली आणि १९८६ च्या सुमारास गाव पाण्याखाली गेले. सहाशेहून अधिक कुटुंबांना घरदार सोडावे लागले. बहुतेक लिखाण येथेच थांबते, कारण बुडण्यात नाट्य असते आणि वसण्यात ते नसते. गाव वसते ते हळूहळू. आधी तात्पुरता निवारा, मग जोते, मग भिंती, आणि कौले चढेपर्यंत दोन पावसाळे निघून जातात. काही कुटुंबांनी तर तशा निवाऱ्यात वर्षानुवर्षे काढली. त्या काळात शासनाने काय दिले, काय द्यायचे राहिले आणि लोकांनी स्वतःच्या हिमतीवर काय उभे केले, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

हा हिशेब मांडण्यासाठी शासकीय कागदांखेरीज दुसरे भक्कम साधन नाही, आणि त्याचे कारण त्या काळच्या कायद्यात आहे. जमीन घेतली गेली तेव्हा देशात १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता आणि त्यात मोबदल्याची तरतूद होती, पुनर्वसनाची नव्हती. शेजारच्या महाराष्ट्राने कोयनेसारख्या धरणांचा अनुभव गाठीशी घेऊन १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. केंद्राला तसा कायदा करण्यासाठी २०१३ साल उजाडावे लागले. गोवा तर ३० मे १९८७ पर्यंत केंद्रशासित प्रदेशच होता. त्यामुळे वाडे आणि वालकिणी येथे ज्याला जे मिळाले, ते मुख्यतः शासकीय निर्णय, टिपणे, याद्या आणि पत्रव्यवहार यांच्या आधारे मिळाले. कायदा असता तर त्याचे कलम दाखवून नातवंडांना आपला हक्क सांगता आला असता. येथे तो हक्क एखाद्या फायलीतल्या एका टिपणीवर उभा आहे, आणि ती फाईल हरवली की हक्काबरोबर इतिहासही गेला असे समजावे.

कुर्डीहून काय हलवले आणि ते कसे हलवले, याची एक बाजू मात्र फार चांगली सांभाळली गेली. कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले. असे देऊळ पुन्हा उभे राहते, कारण कोणता दगड कोणत्या थरातला, त्याच्या डावी-उजवीकडे काय होते, याची काटेकोर नोंद ठेवलेली असते. त्याशिवाय ते काम होऊच शकत नाही. जांभ्या दगडात कोरलेली कुर्डीची भव्य देवीप्रतिमा वेर्णा येथे नेऊन ठेवली आहे. पुरातत्त्वाच्या जाणकारांनी घेतलेल्या या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तीच शिस्त माणसांच्या बाबतीत पाळली गेली असेल, तर ती नोंद कोठे आहे? अमुक कुटुंब जुन्या गावात कोणत्या वाड्यावर, म्हणजे वस्तीच्या कोणत्या भागात, राहत होते, त्याचे शेजारी कोण होते आणि नव्या वसाहतीत त्याला कोणता भूखंड कोणाच्या शेजारी मिळाला, हे सलग दाखवणारा एक साधा तक्ता तयार झाला, तरी गावाच्या इतिहासाचा पाया घातल्यासारखे होईल.

शेजाराचा हा मुद्दा वरवर किरकोळ वाटेल, पण माझ्या मते नियोजित गावाच्या इतिहासाचे मर्म त्यातच आहे. गोव्यातले जुने गाव वाड्यावाड्यांनी बनलेले असते. वाड्याची हद्द नकाशावर नसते. ती ओहळाने, देवराईने, चढावाने आणि नात्यागोत्याने ठरलेली असते. कोणाच्या पडवीतून कोणाच्या विहिरीकडे वाट जाते, शिगम्याचा मेळ कोणत्या घरापासून निघतो, लग्नकार्यात पहिला नारळ कोणाकडे जातो, हे सारे त्या रचनेत गुंफलेले असते. आराखडा काढणाऱ्याला मात्र समान क्षेत्राचे भूखंड, ठरावीक रुंदीचे रस्ते, शाळा आणि सार्वजनिक कामांसाठी राखलेली मोकळी जागा असा विचार करावा लागतो. यात आरेखकाचा दोष आहे, असे मी म्हणणार नाही. पाण्याने मुदत घालून दिलेली असताना शेकडो कुटुंबांना जागा द्यायची, तर कागदावर रेषा सरळच ओढाव्या लागतात, आणि समान भूखंडात एक प्रकारचा न्यायही असतो. पण सरळ रेषांच्या त्या वस्तीत आलेल्या माणसांनी पुढे काय केले, हा खरा अभ्यासाचा विषय आहे. भाऊबंदांनी आपसांत भूखंड बदलून घेतले का? जुन्या वाड्यांची नावे नव्या रांगांना पडली का? तिन्ही धर्मांची माणसे जशी कुर्डीत जवळजवळ होती, तशीच राहिली की पांगली?

मांडाचेच उदाहरण घ्या. धालो हा स्त्रियांचा नृत्यगीतांचा उत्सव आणि शिगमा ज्या जागेवर होतात तो मांड आपल्याकडे पूर्वापार ठरलेला असतो. तो पवित्र मानला जातो आणि तेथे पायात वहाणा घालून कोणी जात नाही. आता नव्या वसाहतीत मांड कोणी धरला असेल? आराखड्यात 'मोकळी जागा' एवढेच लिहिलेले असते. तिथे मांड भरू शकतो हे ठरवणे अभियंत्याच्या अधिकारात येत नाही आणि मामलेदाराच्या तर नाहीच. एखाद्या संध्याकाळी गावातली जाणती माणसे जमली असतील, देवाला विनवणीचे गाऱ्हाणे घातले असेल, आणि जुन्या जागेच्या देवाला सांगून नव्या जागेची परवानगी मागितली असेल. त्या बैठकीला बसलेल्यांपैकी जे आज हयात आहेत, त्यांनी सत्तरी कधीच ओलांडली आहे. त्यांची साक्ष ध्वनिमुद्रित करून ठेवायला शासनाला फार मोठा खर्च येणार नाही. ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराच्या, फेस्ताचे आणि मुसलमान कुटुंबांनी आपल्या प्रार्थनास्थळाचे काय केले, हेही त्याच बैठकीत, त्यांच्याच तोंडून विचारून घ्यावे.

जमिनीविषयीही असेच आहे. १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर गोव्यात गावोगाव नव्याने मोजणी झाली आणि एक-चौदाचे उतारे, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदी, तयार झाल्या. ती मोजणी आणि कुर्डीचे स्थलांतर ही एकाच पिढीने पाहिलेली कामे आहेत. म्हणजे बुडण्यापूर्वीचे गाव आणि वसल्यानंतरचे गाव, दोन्ही कागदावर शेजारी ठेवून पाहण्याची संधी इतिहासाने आपल्याला दिली आहे. अशी संधी फार थोड्या गावांच्या वाट्याला येते. जुन्या गावात भाटकार म्हणजे जमीनमालक कोण होते, कुळे कोण, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे मुंडकार कोण आणि नव्या गावात जमीन कोणाच्या नावे लागली, याची तुलना केली तर अनेक समजुतींची परीक्षा होईल. ज्यांच्या नावावर कुर्डीत गुंठाभरही जमीन नव्हती, त्यांच्यापैकी काहींना वसाहतीत पहिल्यांदा स्वतःची जमीन मिळाली असेल, तर ती या नियोजनाची जमेची बाजू म्हणून ठळकपणे नोंदली जावी. उलट भरल्या कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, बदल्यात ज्यांना खडकाळ माळ मिळाला, त्यांचेही म्हणणे तितक्याच ठळकपणे यावे. स्थलांतराच्या आठवणी केवळ दुःखाच्याच असतात, असे धरून चालणाऱ्या लिखाणाचा मला थोडा कंटाळा आला आहे, हे येथे सांगून टाकतो. त्यातून माणसांच्या वाट्याला दया येते, पण त्यांनी केलेले काम दिसेनासे होते.

भूखंड कुटुंबप्रमुखाच्या नावे दिला जाई, तेव्हा कुटुंब म्हणजे नेमके कोण, हाही प्रश्न आहे. गोव्याच्या कौटुंबिक कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते. यादीत पत्नीचे नाव होते का, विधवांना वेगळे कुटुंब मानले का, लग्न झालेल्या पण एकत्र राहणाऱ्या मुलांना वेगळा भूखंड मिळाला का, ही उत्तरे वाटपाच्या मूळ याद्यांत आहेत. आज वारसांच्या वाटणीत जे तंटे उभे राहतात, त्यांपैकी कित्येकांचे मूळ त्या यादीच्या एखाद्या रकान्यात सापडेल, असा माझा कयास आहे.

पाण्याविषयी लिहिताना हात आखडतो, कारण ती गोष्ट उपरोधाने लिहिणे फार सोपे आहे. वसाहतीत सुरुवातीला असलेल्या विहिरी पुढे आटल्या आणि शासनाच्या पुरवठ्यावर अवलंबून राहावे लागले. ज्या धरणासाठी गाव सोडले त्याचे पाणी आश्वासनाप्रमाणे आपल्यापर्यंत आले नाही, असे तिथले रहिवासी उघडपणे सांगत आले आहेत. उपरोध बाजूला ठेवून मी एवढेच विचारतो की, वसाहतीची जागा ठरवताना भूजलाची पाहणी झाली होती का, आणि झाली असल्यास तिचा अहवाल काय सांगत होता? जलस्रोत खात्याला हा कागद शोधायला इतर कोणापेक्षा कमी वेळ लागेल. हे केवळ जुन्या चुका उकरण्यासाठी नाही. गोव्यातच सत्तरी तालुक्यात अंजुणे धरणामुळे मोर्ले कॉलनी वसली, तिचाही अनुभव नोंदवण्याजोगा आहे. महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी हलवली गेली आणि त्या रुंद रस्त्यांच्या, आखीव गावांत लोकांनी घरे कशी वापरली, यावर पुढे पुष्कळ अभ्यास झाले. त्यांच्याही आधी वसलेल्या वाडे आणि वालकिणीचा अनुभव त्या चर्चेत सहसा येत नाही, कारण तो वाचता येईल अशा रूपात आपण कधी ठेवलाच नाही.

पुराभिलेख खात्याच्या संचालकांना एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते. आपल्या संग्रहाची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. दिओगो दो कौतो हे त्याचे पहिले संग्रहपाल. त्याच्याही आधी, १५२६ मध्ये, पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया यांनी तिसवाडीतील गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले आणि त्या दस्तऐवजामुळे पाचशे वर्षांपूर्वीच्या गोव्यातली गावे जमीन कशी राखत आणि महसूल कसा भरत, हे आज आपण सांगू शकतो. तो दस्तऐवज परक्या सत्तेने स्वतःच्या वसुलीच्या सोयीसाठी केला होता, हे खरे. पण ज्या सरकारने स्वतंत्र गोव्यात, लोकांच्या मतांवर निवडून येऊन, दोन नवी गावे आखली, त्या सरकारला आपल्याच गावांची नोंद त्याहून कमी काळजीने ठेवण्याचे काही कारण नाही.

काम कसे करावे याविषयी माझी सूचना अशी आहे. जलस्रोत खाते, महसूल खाते आणि मोजणी खाते यांच्याकडे विखुरलेले संपादनाचे निवाडे, वसाहतींचे मूळ आराखडे, वाटपाच्या याद्या, हरकती आणि त्यांवरचे निर्णय यांची आधी एक सूची करावी. मूळ कागद पुराभिलेख खात्याच्या ताब्यात सुरक्षित ठेवून त्यांच्या अंकीय प्रती वाडे, वालकिणी आणि सांगे येथे लोकांना पाहता येतील अशा ठेवाव्यात. मोठी माणसे ज्या भाषेत बोलतात त्याच भाषेत त्यांच्या साक्षी घ्याव्यात; घरात कोकणी, भजनात मराठी असा आपला व्यवहार आहे, त्यात सरकारी फॉर्मची तिसरी भाषा घुसवू नये. साक्षी घेणारे तरुण शक्यतो याच दोन गावांतले असावेत. आणि लिहून झालेला इतिहास छापण्यापूर्वी गावच्या सभेत वाचून दाखवावा. त्यात दुरुस्त्या निघतील, भांडणेही होतील, पण तिथेच झालेली बरी.

या फायलींत खासगी तपशील आहेत किंवा काही दावे न्यायालयात असू शकतात, म्हणून त्या दाखवता येणार नाहीत, असे उत्तर येईल याची मला कल्पना आहे. मोबदल्याच्या रकमा आणि वादातील भूखंडांची पाने काही काळ राखून ठेवायला माझी हरकत नाही. पण आराखडा, जागेच्या निवडीचा अहवाल आणि बैठकांचे इतिवृत्त यांत कोणाचे गुपित आहे? माहितीच्या अधिकाराखाली एकेकाने अर्ज करून एकेक पान मिळवत बसावे, यापेक्षा शासनाने आपण होऊन सर्व पाने पुढे ठेवणे त्यालाही कमी त्रासाचे आहे.

यातली पहिली गोष्ट मात्र अंदाजपत्रकाची किंवा समितीची वाट न पाहता करता येण्यासारखी आहे. साळावली प्रकल्पाच्या संपादन आणि पुनर्वसनाशी संबंधित एकही कागद, नकाशा किंवा नोंदवही जुने दप्तर मोकळे करण्याच्या नावाखाली नष्ट करू नये, असा लेखी आदेश आपण दोघांनी मिळून काढावा, त्याची प्रत वाडे व वालकिणीच्या रहिवाशांना पंचायतीमार्फत द्यावी, आणि सूचीचे काम कोणत्या अधिकाऱ्याकडे सोपवले आहे ते त्याच आदेशात नमूद करावे. ट्रेसिंग कापडावरचे नकाशे कसे उलगडावे आणि वाचावे हे नव्या कर्मचाऱ्यांना दाखवण्याची गरज पडली, तर त्या कामी मी सांगे येथे विनामोबदला येऊन बसायला तयार आहे.

आपला विश्वासू,
सांगे तालुक्यातील एक निवृत्त आरेखक